नावाडिणीचं हाय-न्हाई

निवृत्त झाल्यावर माणसाला कसला ना कसला नाद लागतोच. आमच्या श्रीरामपुरात माझ्याबरोबरीच्या बाया भजनी मंडळात गेल्या, कुणी गुडघे धरलेत म्हणून योगासनांच्या वर्गाला जाऊ लागली. मला मोबाईलवरच्या ऑडिओ नाटकांचा नाद लागला. तीही सासू-सुनांची नव्हेत. तलवारी, भुयारं, शापित किल्ले आणि माणसासारखी बोलणारी पाखरं असलेली. ह्या वयात हे शोभतं का, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारून बघितलं. मी म्हटलं, तुम्हाला दिवसभर टीव्हीपुढं बसून क्रिकेटवाल्यांना शिकवणं शोभतं, तसं मला हे शोभतं. तो विषय तिथंच मिटला.

मुलगी पुण्याला असते. तिनं एकदा आल्यावर माझ्या मोबाईलमध्ये ते घालून दिलं आणि म्हणाली, आई, ऐकून तर बघ. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिली-दुसरीच्या पोरांना गप्प बसवायचं तर गोष्टीवाचून इलाज नसतो, त्यामुळे गोष्टी सांगून सांगून माझा घसा बसायचा. पण वर्गात राजाही मीच, राक्षसही मीच आणि राक्षसाच्या पोटातला ससाही मीच. इथं मात्र जेवढी पात्रं तेवढी माणसं. राजाला राजाचा आवाज, नकाशा वाचणाऱ्या पोरीला तिचा, मिठाच्या व्यापाऱ्याला त्याचा खरखरीत. मागं पावलं वाजायची, दार करकरायचं, लांब कुठंतरी घुबड ओरडायचं. पहिला भाग ऐकला तेव्हा मी मेथी निवडत होते. भाग संपला तेव्हा निवडलेली मेथी कचऱ्यात आणि देठं ताटात होती.

गोष्ट अशी होती. एका मुलखातली नदी रुसून जमिनीखाली निघून जाते आणि तिच्या पात्रात नुसतं धुकं उरतं. तिची समजूत काढून तिला परत आणायला चौघं जण निघतात. वाटेत काय काय आडवं येतं ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. पण त्या सगळ्यांना एकदा ती धुक्याची नदी ओलांडावी लागते, आणि ती ओलांडून देणारी एकच म्हातारी असते. नावाडीण. तिच्या नावेला भाडं नसतं. मनातलं एक भांडण काठावर ठेवून मग बसायचं, एवढीच अट. भांडण लपवून बसलं की नाव मध्येच धुक्यात गोल गोल फिरत राहायची.

हे सगळं करणारी कुठली मोठी कंपनी नव्हती. नगरची सात-आठ पोरंपोरी, सगळी नोकरीधंद्याची. त्यांचा मुख्य पोरगा दातांचा डॉक्टर, तोच गोष्ट लिहायचा आणि तोच राजा व्हायचा. कुणाच्या तरी फ्लॅटच्या मागच्या खोलीत रविवारी जमायचे आणि आवाज भरायचे. त्यामुळे भाग कधी येईल याचा भरवसा नसायचा. भागाच्या जागी एखाद्या वेळी दोन मिनिटांचा निरोपच यायचा: या आठवड्यात भाग नाही, राजाला कावीळ झालीय. नाहीतर, वरच्या मजल्यावर फरशी बसवतायत, तोवर सैन्य थांबलंय. एकदा तर सेनापतीचं लग्न निघालं आणि सगळी लढाई तिथंच अडकली. मला राग यायचा, आणि मजाही वाटायची. मोठ्या कंपन्यांचं सगळं कसं घड्याळावर येतं. ह्यांचं आपल्या घरातल्यासारखं चालायचं.

ही मजा मी एकटीनं घेतली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण माझी थोरली बहीण, आक्का, बेलापूरला असते. काचबिंदूनं तिची नजर गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. लेक-सून शेतावर गेली की दिवसभर एकटी. टीव्ही तिला नुसता गोंगाट वाटायचा, कारण तिथं माणसं बोलतात कमी आणि डोळे वटारतात जास्त. मी एकदा गेले तेव्हा मोबाईल तिच्यापुढं ठेवला आणि पहिला भाग लावला. आवाज मोठा यावा म्हणून तिनंच सांगितलं, त्याला रिकाम्या पातेल्यात ठिव. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. भाग आला की मी रिक्षा धरायची आणि बेलापूर गाठायचं. पातेलं धुऊन पुसून तयार असायचं.

आक्कासारखा श्रोता त्या पोरांना जगात दुसरा मिळाला नसता. तिला आवाजातलं सगळं कळायचं. घोडे दौडले की म्हणायची, "घोडी कुटली, करवंट्या हायेत त्या. पन वाजवतोय झ्याक." जंगलातून कुणी चाललं की म्हणायची, उसाचं पाचट तुडवतंय कुनीतरी. आणि हे सगळं ओळखूनसुद्धा वाघ आला की माझा हात घट्ट धरायची. सेनापतीच्या लग्नाचा निरोप ऐकला तेव्हा तिनं अगदी गंभीरपणानं विचारलं, "आहेर पाठवायचा काय गं त्येला?"

आणि नावाडीण तर तिचा जीव की प्राण. त्याला कारण होतं. त्या नाटकातले राजे, प्रधान, जादूगार, अगदी ती बोलणारी पाखरंसुद्धा छापील बोलायची. आहे, नाही, परंतु, कदाचित. नावाडीण तेवढी आमच्यासारखी बोलायची. "राजा आसशील तुज्या घरी. हितं बसायचं तर भांडन ठिव काठाला." हे असं. आणि राजा मुकाट्यानं ठेवायचा. मी नाटक-सिनेमे काही कमी बघितलेले नाहीत. आमच्यासारखं 'हाय' म्हणणारा माणूस त्यात आला की समजायचं, हा एकतर गडी आहे नाहीतर लोकांना हसवायला आणलाय. इथं पहिल्यांदाच 'हाय' म्हणणाऱ्या बाईपुढं राजा चळचळा कापताना ऐकला. आक्का म्हणायची, "आपली समदी भावकी नेली पायजेल हिच्याकडं." मग थोडा विचार करून म्हणायची, "पर नाव बुडंल."

आता थोडं माझ्या जिभेविषयी सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं माहेर शेतकऱ्याचं. आई रोजानं खुरपायला जायची, तेव्हा मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आक्काची शाळा चौथीतून सुटली. तिनं मला कडेवर वाढवलं आणि पुढं मी शाळेत गेले. पहिल्याच वर्षी 'मी हितं हाय' म्हटलं म्हणून गुरुजींनी हातावर छडी दिली. 'मी इथे आहे' म्हण. मी रस्ताभर आहे आहे घोकत घरी आले, तर आई आक्काला म्हणाली, हिला काय झालं बघ गं, बरळती काय ही? तेव्हापासून मी दोन जिभा सांभाळायला शिकले. दारात चपला बदलाव्यात तशी जीभ बदलायची. घरात हाय, शाळेत आहे. पुढं मास्तरीण झाले आणि मीही पोरांचं 'हाय' सुधारत बसले. छडी नाही मारली, पण सुधारल्याशिवाय पुढं गेलेही नाही. हे लिहितानासुद्धा बघा, हातात पेन आलं की 'आहे'च उतरतंय.

आक्काला ही माझी दुसरी जीभ माहीतच नव्हती. माझ्या शाळेत ती कधी आली नाही. तिच्यापुढं मी कधी 'आहे' म्हटलं असेन असं मला आठवत नाही.

पहिली मालिका संपली आणि दुसरीची वाट बघत असताना त्या पोरांनी मोबाईलवर एक लिहिलेला निरोप टाकला. नावाडिणीचं काम करणाऱ्या बाई अचानक वारल्या होत्या. राहुरीकडच्या होत्या म्हणे, हौसेखातर रविवारी एसटीनं नगरला यायच्या. पोरांनी फार मनापासून लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं की आता काय करावं, नावाडीण धुक्यात हरवली असं दाखवावं की दुसऱ्या कुणाचा आवाज घ्यावा.

मला रडू आलं. ज्या बाईचं तोंड कधी बघितलं नाही तिच्यासाठी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग रडता रडता मला राग आला. हरवली दाखवतात म्हणजे काय? मी निरोपाचं बटण दाबलं आणि बोलत सुटले.

"पोरांनो, मी श्रीरामपूरहून बोलती. बाई गेल्या, लई वाईट झालं, मला तर घास गेला न्हाई. पन म्हनून नावाडिनीला मारताय व्हय? खबरदार. आख्ख्या नाटकात आमच्यावानी बोलनारी ती एकलीच हाय. बाकीचे समदे पेपर वाचल्यावानी बोलत्यात. तिला धुक्यात घालवलीत तर माज्याशी गाठ हाय, सांगून ठिवते."

पाठवून दिलं आणि कुकर लावायला गेले. रागात कुठली जीभ तोंडात आहे हे बघायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी त्या दातांच्या डॉक्टराचा फोन आला. काकू, आम्ही सगळ्यांनी तुमचा आवाज ऐकला, किती वेळा ऐकला ते विचारू नका. मला वाटलं आता माफी मागायला लावतो की काय. तर तो म्हणाला, "काकू, तुम्हीच व्हाल का नावाडीण?"

मी फोन कानाला तसाच धरून पलंगावर बसले. हे शेजारच्या खोलीतून आले ते कोण मेलं म्हणून विचारायला लागले, एवढं माझं तोंड उतरलं होतं म्हणे. उतरलं नव्हतं. मला काय करावं ते सुचत नव्हतं. राजापुढं उभी राहणारी ती म्हातारी मी होणार, आणि आक्का ते पातेल्यातून ऐकणार.

आक्काला काही सांगायचं नाही असं मी त्याच क्षणी ठरवलं. बाई वारल्याचंही सांगितलं नाही. निरोप लिहिलेला होता, तिला कळायची वाटच नव्हती. मनात म्हटलं, भाग लागेल, नावाडीण बोलायला लागेल, आणि आक्का दचकून म्हणेल, अगं बारके, ही तर तू. जिनं माझ्यापायी पाटी खाली ठेवली तिला दुसरं काय द्यायचं मी? साड्या दिल्या, औषधपाणी केलं, ते सगळे करतात. हे तिला कुणीच देऊ शकत नव्हतं. माझा सगळा जीव त्या एका क्षणात अडकला होता.

त्यांनी मोबाईलवर माझी वाक्यं पाठवली. पोरानं 'हाय-न्हाई'मध्येच लिहिली होती आणि खाली टीप होती: काकू, हे नुसतं अंदाजानं लिहिलंय, तुमच्या पद्धतीनं बदलून बोला. आता ह्यात न समजण्यासारखं काय होतं? पण मी चष्मा लावला, वाक्यं वाचायला घेतली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. अक्षरांत लिहिलेलं 'न्हाई' मला बघवेना. 'भांडन' मधला न बघून तर हात शिवशिवायला लागला. बोलताना जे तोंडातून सहज जातं ते लिहिलेलं दिसलं की लाज वाटते, असं आपल्याला शिकवलंय. मी मनातल्या मनात सगळं नीट करून घेतलं. आठवडाभर आरशापुढं पाठांतर केलं. हे म्हणाले, फारच छान, अगदी आकाशवाणीवर बोलल्यासारखं. मला बरं वाटलं. त्या माणसाचं मी उभ्या आयुष्यात मनावर घेतलं नाही, आणि नेमकं तेवढं घेतलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरनं विचारलं ते "नगर काय?" असंच. इस्त्रीची फिकी साडी, केसांत गजरा नाही, पर्समध्ये लवंग आणि खडीसाखर. शाळेला तपासणी असायची तेव्हा मी अशीच तयार व्हायचे. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

ती खोली बघून मला हसूच आलं. ज्या खोलीतून किल्ले आणि जंगलं निघायची तिथं चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. कोपऱ्यात उसाच्या पाचटाची पेंडी, परातीत पाणी, एका सुपात ज्वारी. आवाज भरून घेणाऱ्या पोरीनं सूप हलवून दाखवलं तर खरोखर पाऊस पडायला लागला. आक्काला हे कळलं तर किती खूश होईल, असं मनात आलं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारणीला कुकर थोडा उशिरा लावा म्हणून सांगून आले. मग त्या पोरीनं माइक माझ्या तोंडापुढं आणला आणि बोट वर केलं. सगळे गप्प झाले.

आणि मी म्हणाले, "तू राजा असशील तुझ्या घरी. येथे बसायचे असेल, तर तुझे भांडण काठावर ठेव."

स्वच्छ. ण चा ण, ठ चा ठ. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दातांचा डॉक्टर म्हणाला, "छान, काकू. एकदा जरा घरच्यासारखं बोलाल?" मी म्हटलं, हो की, आणि आणखी सावकाश, आणखी स्पष्ट बोलले. घरच्यासारखं म्हणजे घाई न करता, असं मला वाटलं. मग तो म्हणाला, जरा चिडून बघा. मी चिडले. पण माइकपुढं मला एकच चिडणं येत होतं, मागच्या बाकावर गडबड करणाऱ्यांवरचं. शेवटी ती पोरगी धीर करून म्हणाली, "काकू, तुम्ही त्या मेसेजमध्ये बोलला होता ना, अगदी तसंच हवंय."

मला राग आला. म्हटलं, "अगं, तो मेसेज घाईत केलेला, रागाच्या भरात. असं अशुद्ध जगासमोर कसं जाऊ द्यायचं? लहान मुलं ऐकतात हे."

डॉक्टरानं त्या पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम."

तोवर मी काकू होते. तिथून पुढं मॅडम झाले. त्या वेळी मला वाटलं, माझा मान वाढला.

दुपारपर्यंत सगळं भरून झालं. पोरांनी चहा दिला, बसस्टँडपर्यंत सोडायला आली, वाकून नमस्कार केला. एका शब्दानं कुणी काही बोललं नाही. आता वाटतं, त्या पोरानं मला तिथंच खडसवायला हवं होतं. मॅडम, हे चुकतंय, आम्हाला शिक्षिका नको, ती श्रीरामपूरची कजाग बाई पाहिजे, असं तोंडावर सांगायला हवं होतं. पण तो कसा सांगणार? आपल्याकडं वडीलधाऱ्या माणसाला, त्यात मास्तरणीला, तुमचं बोलणं चुकलं असं कुणी म्हणत नाही. त्यांनी माझा मान राखला आणि नावाडीण घालवली. मी मात्र परतीच्या गाडीत राहुरीपर्यंत स्वतःशीच हसत होते.

पुढं भाग यायला बरेच महिने गेले. मधल्या निरोपांवरून कळत होतं की ही शेवटची मालिका. राजाला दवाखाना वाढवायचा होता, ती आवाजवाली पोरगी नोकरीला बंगळूरला निघाली होती, आणि फ्लॅटवाल्यानं खोली मागितली होती. मला वाईट वाटलं, पण आत कुठंतरी वाटायचं, चला, शेवटच्या खेपेला का होईना, आपण त्यात आहोत. आक्का दर वेळी विचारायची, आली का गं म्हातारी? मी म्हणायचे, येईल. आणि तोंड दुसरीकडं फिरवायचे. तिला माझं तोंड दिसत नाही हे माहीत असूनही.

नावाडिणीचा भाग आला तो मी आधी ऐकला नाही. मुद्दामच. ह्यांनाही ऐकू दिला नाही. दुपारची रिक्षा धरली आणि बेलापूरला गेले. आक्कानं पातेलं पुढं सरकवलं. मी मोबाईल आत ठेवला आणि तिच्या अगदी समोर बसले, तिचा चेहरा बघायला मिळावा म्हणून.

चौघं नदीकाठी आले. पाचट वाजलं. आक्का हसून म्हणाली, "आलं पाचट." मग परातीतलं पाणी डुचमळलं, आणि आवाजावर तो धुक्यातला घुमारा चढवून नावाडीण बोलली.

"तू राजा असशील तुझ्या घरी."

ती बाई मी ताबडतोब ओळखली. पाचवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालणारी बाई होती ती. धुक्याच्या नदीवर उभी राहून ती राजाला श्रुतलेखन घालत होती, आणि राजा तिला घाबरत नव्हता, वहीत उतरवून घेत असल्यासारखा हो हो म्हणत होता. पोरानं बिचाऱ्यानं राजाची वाक्यंही बदलून टाकली होती, माझ्याशी जुळावीत म्हणून. माझे कान तापले. मी आक्काकडं बघितलं.

ती दचकली नाही. हसली नाही. तिनं मान थोडी कलती केली, जशी ती अनोळखी माणूस दारात आलं की करते.

"ही कोन गं आली मधीच?"

"नावाडीनच हाय ती, आक्का."

"हॅ. ती न्हवं." मग म्हणाली, "म्हातारी गेली वाटतं."

पातेल्यातून ती बाई बोलतच होती. कृपया, परंतु, म्हणूनच.

आक्कानं आणखी दोन-चार वाक्यं ऐकून घेतली. तिचा स्वभावच तसा, कुणालाही एकदम नावं ठेवणार नाही. मग म्हणाली, "मोठ्या घरची दिसती बाई. चांगली शिकल्याली. स्वच्छ बोलती. पन हिला काय कळनार गं भांडनातलं?" आणि हात पुढं करून तिनं पातेलं माझ्याकडं लोटलं. "बंद कर ते. फुडं काय हुतं ते तुला ठावं हाय न्हवं? मंग तूच सांग."

मी बंद केलं. तिला खरं सांगावं असं एकदा जिभेवर आलं होतं. पण काय सांगणार? ती मोठ्या घरची बाई मी होते, आणि तुझ्या कडेवर वाढले होते, असं? माझी हिंमत झाली नाही.

म्हणून मी गोष्टच सांगायला लागले. राजा कसा आला, त्यानं कसं भांडण लपवलं, मधल्या धुक्यात नाव कशी भवऱ्यावानी फिराया लागली. आणि नावाडिणीची पाळी आली तेव्हा मी आक्कासमोर चवड्यावर बसून हात नाचवून म्हणाले, "काय रं ए राजा, लपवतूस व्हय भांडन? ह्या नावंला मानसाच्या पोटातलं वज्जं कळतंय. टाक भाईर, न्हाई तर उतर हितं धुक्यात, मला काय तुज्यावाचून आडलं न्हाई." कुठून येत होतं कुणास ठाऊक. पोरानं लिहिलेलं नव्हतं, मी पाठ केलेलं नव्हतं. आई खुरपणीहून आल्यावर भाऊबंदांना हाक मारून मारून जे बोलायची ते सगळं एकापाठी एक येत होतं.

आक्का मांडीवर थाप मारून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि पदरानं ते पुसत म्हणाली, "आशी. आश्शी बोलायची बग म्हातारी." मग माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, "बारके, त्या पोरांनी तुलाच का न्हाई गं घेतलं?"